आखातांत नोकरीस जातांना

कोंकणांतील एखाद्या खाडीकांठच्या गांवीं पाऊल टाकलें असतां एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. जुन्या कौलारू घरांच्या रांगेंत मधूनच एखादें रंगविलेलें दुमजली घर उभें असतें, आणि चौकशी केली तर त्या घरचा कर्ता मुलगा दुबईस, मस्कतला, कुवेतला किंवा दोह्यास असल्याचें कळतें. रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांना आखाताचा हा संबंध नवीन नाहीं. शिडाच्या जहाजांच्या काळापासून या किनाऱ्याचें आणि त्या किनाऱ्याचें देणेंघेणें चालत आलेलें आहे. इतकें कीं, आखातांतील कित्येक राज्यांत एके काळीं आपला रुपयाच चालत असे. १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें त्या प्रदेशापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या, १९६१ सालीं कुवेतनें आपला दिनार सुरू केला, आणि १९६६ च्या जूनमध्यें रुपयाचें अवमूल्यन झाल्यावर इतरांनींहि रुपयाला रजा दिली. ओमानांत मात्र तो १९७० पर्यंत टिकून होता.

संबंध इतका जुना असूनहि जाणाऱ्या मनुष्याची तयारी बहुधा उलट्या क्रमानें होते. आधीं बॅग विकत घेतली जाते, मग नवे कपडे शिवले जातात, मग आप्तेष्टांकडील जेवणें होतात, आणि ज्या कागदावर दोन वर्षांचें आयुष्य बांधलें जावयाचें तो कागद विमानतळाच्या रांगेंत प्रथम उलगडून पाहिला जातो. घरचीं माणसेंहि सामानाचीच काळजी करीत बसतात. लोणच्याच्या बरणीचें झांकण घट्ट बसलें आहे कीं नाहीं हें तिघेजण पाहतात. करारांत मूळ पगार किती लिहिला आहे हें एकहि जण पाहत नाहीं.

दापोलीकडील एखाद्या घराची कल्पना करावी. मुलगा वातानुकूल यंत्रांच्या दुरुस्तीचें काम शिकलेला, वय चोवीस, नववी नापास. ओळखीच्या ओळखीनें एक मनुष्य भेटतो. तो म्हणतो, दुबईस काम आहे, महिना पंधरा दिवसांत पाठवितों, एक लाख वीस हजार रुपये द्यावे लागतील. बाप कलमांची बाग गहाण टाकतो, किंवा सुनेचे दागिने सावकाराकडे जातात. व्याज शेंकडा तीन, दरमहा. म्हणजे मुलाचा पाय विमानांत पडण्यापूर्वींच महिन्याला ३,६०० रुपयांचें देणें सुरू झालें, आणि दोन वर्षांत नुसतें व्याजच ८६,४०० रुपये होतें. हा हिशेब चौथीच्या मुलासहि करितां यावा असा आहे. परंतु घरांत आनंदाचें वातावरण असतां पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहावें. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणें सरकारदरबारीं नोंद न झालेल्या एजंटास परदेशांतील नोकरीसाठीं माणसें भरतां येत नाहींत. अशा नोंदलेल्या एजंटानें आपल्या सेवेबद्दल उमेदवाराकडून घ्यावयाची जास्तींत जास्त रक्कम ३०,००० रुपये आणि तिच्यावरील कर, एवढीच ठरलेली आहे. अठरा टक्के कर धरला तर ३५,४०० रुपये. तिची पावती द्यावी लागते. तेव्हां लाख-सव्वालाख मागणारा मनुष्य एक तर नोंदलेला नाहीं, किंवा नोंदलेला असून नियम मोडीत आहे. दोन्हीं प्रकारांत त्याच्यापासून दूर राहणें बरें. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या व्यवस्थेंत नोंदलेल्या एजंटांचीं नांवें व क्रमांक कोणासहि पाहतां येतात. कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याकडून पांच मिनिटांत होणारें हें काम आहे. तें न करतां, तो आपल्या मावसभावाच्या ओळखीचा आहे, या एकाच आधारावर लोक बागा गहाण टाकतात. ओळख ही चांगली वस्तु आहे. पण ती पावतीच्या जागीं चालत नाहीं.

दहावी उत्तीर्ण न झालेल्या मनुष्याच्या पासपोर्टावर सामान्यतः अशी नोंद असते कीं, याला परदेशीं नोकरीस जाण्यापूर्वीं सरकारी तपासणी आवश्यक आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया इत्यादि ठरावीक देशांस नोकरीसाठीं जावयाचें तर उत्प्रवासी-संरक्षक नांवाच्या अधिकाऱ्याची मंजुरी त्याला घ्यावी लागते. मुंबईस या अधिकाऱ्याची कचेरी आहे. पुष्कळांना ही नोंद अपमानास्पद वाटते आणि ही मंजुरी म्हणजे एक अडथळा वाटतो. वस्तुस्थिति उलट आहे. या तपासणींत मालक कोण, काम कोणतें, पगार किती, राहण्याची सोय काय, हें कागदावर यावें लागतें. याच वेळीं प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरवावा लागतो. दोन वर्षांसाठीं २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठीं ३७५ रुपये आणि कर, एवढ्या हप्त्यांत अपघातीं मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचें संरक्षण मिळतें. घरच्या माणसांस या विम्याचें नांवहि ठाऊक नसतें, आणि ज्याच्या नांवें तो उतरविला तोच नाहींसा झाल्यावर कागद शोधावयाचे कोठें, असा प्रश्न पडतो.

हा अडथळा चुकविण्याचा जो मार्ग एजंट सुचवितो, तोच सर्वांत मोठा घात होय. तो सांगतो, नोकरीच्या व्हिसाला वेळ लागेल, तूर्त भेटीच्या व्हिसावर चल, तेथें गेल्यावर बदलून देऊं. भेटीस जाणारास त्या मंजुरीची गरज नसते, म्हणून मुलगा विमानतळावरून सुटतो. परंतु तेथें उतरल्यावर भेटीच्या व्हिसावर काम करणें हा गुन्हा असतो. मालकास हें पक्कें ठाऊक असतें, आणि म्हणूनच तो ठरलेल्या पगाराच्या निम्मा पगार देऊं लागला तरी मुलाला दाद मागावयास जागा राहत नाहीं. मुदत संपली कीं दंड चढूं लागतो. अमिरातींत तो दिवसाला ५० दिरहम आहे. विमा नाहीं, करार नाहीं, सरकारदरबारीं नोंद नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तो मनुष्य तेथें हवा खाण्यास गेलेला असतो.

येथें एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. जो दहावी झाला, त्याच्या पासपोर्टावर ती नोंद नसते, आणि म्हणून त्याचा करार कोणीहि तपासत नाहीं. शिकलेला मनुष्य स्वतःचें हित पाहील असें सरकारनें धरून चाललेलें आहे. प्रत्यक्षांत शिकलेला मनुष्य कागदावर सही करण्याच्या बाबतींत न शिकलेल्याहून अधिक उतावळा असतो. कारण न शिकलेला निदान दुसऱ्याकडून वाचून तरी घेतो. दहावी झालेल्यानें नोंदलेला एजंट, लेखी करार आणि विमा या तीनहि गोष्टी स्वतः होऊन सांभाळाव्या.

करार वाचावयाचा म्हणजे काय वाचावयाचें? दुबईंत बारा वर्षें काढून परत आलेला एखादा चुलता अंगणांत बसून पुतण्याला सांगतो, “बाबू, पगार किती म्हणून विचारूं नकोस. मूळ पगार किती, तें विचार.” पुतण्या म्हणतो, “काका, एकूण बाराशें दिरहम आहे कीं. मूळ कितीहि असेना!” येथेंच चूक आहे. अमिरातीच्या कायद्याप्रमाणें नोकरी सुटतेवेळीं मिळणारी रक्कम, म्हणजे ग्रॅच्युइटी, ही मूळ पगारावर मोजली जाते. राहण्याचा, जेवणाचा, प्रवासाचा भत्ता तींत धरीत नाहींत. निदान एक वर्ष पुरें झालें असतां पहिल्या पांच वर्षांसाठीं दरसाल एकवीस दिवसांचा आणि पुढील वर्षांसाठीं दरसाल तीस दिवसांचा मूळ पगार मिळतो. आतां बाराशें दिरहमांपैकीं मूळ पगार सहाशें असेल तर दिवसाचे वीस दिरहम झाले. एकवीस दिवसांचे ४२०, आणि पांच वर्षांचे २,१००. मूळ पगार एक हजार असता तर तीच रक्कम ३,५०० झाली असती. महिन्याची प्राप्ति दोन्हीं बाजूंस सारखीच, पण परततांना हातीं पडणाऱ्या पैशांत १,४०० दिरहमांचें अंतर पडतें.

अमिरातींत २०१६ पासून नियम असा आहे कीं, नोकरीचें प्रस्तावपत्र ठरावीक नमुन्यांत, अरबी व इंग्रजीबरोबर कामगारास समजेल अशा तिसऱ्या भाषेंतहि असावें. त्या भाषांत हिंदी आहे, उर्दूहि आहे. हें पत्र निघण्यापूर्वीं, इकडे असतांनाच, मागून घ्यावें. तेथें उतरल्यावर दुसराच कागद पुढें करून सही मागण्याची जुनी खोड कित्येक ठिकाणीं आहे. पहिला कागद हातीं असला म्हणजे बोलावयास आधार राहतो. २०२२ च्या फेब्रुवारींत अमलांत आलेल्या तेथील कामगार कायद्याप्रमाणें भरतीचा खर्च मालकानें सोसावयाचा असतो. तो कामगाराच्या पगारांतून कापून घेतां येत नाहीं. उमेदवारीचा काळ सहा महिन्यांहून अधिक ठेवतां येत नाहीं. उन्हाळ्यांत, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत, दुपारीं साडेबारा ते तीन उघड्या उन्हांत काम करून घेण्यास बंदी आहे. हे नियम आपल्या माणसास ठाऊक नसतात असें नाहीं. पण ते तिकडे गेल्यावर, दुसऱ्यातिसऱ्या उन्हाळ्यांत कळतात.

आतां नांवाचा घोळ. मराठी मनुष्याचें नांव तीन पदरी असतें: स्वतःचें, वडिलांचें आणि आडनांव. शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, आधारपत्रावर दुसरा, आणि पासपोर्टावर कधीं आडनांवाची जागाच कोरी. अशा एकेरी नांवाच्या पासपोर्टावर भेटीस येणारांना अमिरातीनें २०२२ च्या नोव्हेंबरपासून अटकाव केलेला आहे. इंग्रजी स्पेलिंगाचा घोळ तर विचारूंच नये. एकाच ‘चव्हाण’ या आडनांवाचीं चार रूपें एका घरांत सांपडतात. लग्नानंतर नांव बदललेल्या स्त्रियांचे कागद याहून अधिक तपासावे लागतात. जन्मतारखेची गोष्टहि तशीच. आपल्याकडे एका पिढींतील असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून आहे. जून महिन्यांत शाळा उघडे, बाप मुलाला घेऊन येई, तारीख विचारली कीं “पावसाच्या आधीं जन्मला” एवढेंच सांगे, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. त्या मास्तरांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. मुलगा शाळेंत बसला हें काय थोडें झालें? पण ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदींत दुसरीच तारीख असली, तर दोन कागदांतील हा विरोध इकडे असतांनाच मिटवावा लागतो. परदेशांत बसून शाळेच्या मुख्याध्यापकांस विनंत्या करीत राहणें फार जड जातें.

शिक्षणाच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते हें सर्वांस ठाऊक असतें. पण कोठल्या देशास कसली मोहोर लागते, यांत गफलत होते. भारत २००५ पासून ‘अपोस्टील’ नांवाच्या आंतरराष्ट्रीय करारांत आहे. ओमान, बहारीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदी अरेबिया हेहि त्यांत आहेत. तेथें ती एक मोहोर पुरते. अमिरातीची पद्धति निराळी. तेथें राज्य सरकारचा साक्षांकनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा वकिलात-विभाग, आणि उतरल्यावर तेथील परराष्ट्र खातें, अशी साखळी पुरी करावी लागते. पुतण्यानें चुलत्याचें ऐकून ओमानच्या पद्धतीनें कागद करून दुबईस नेले, तर ते परत पाठवावे लागतात. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी, हें तर सांगण्याचीहि गरज नसावी. तथापि विमानतळावरून परत फिरलेलीं माणसें दर वर्षीं भेटतात. वाहन चालविणारांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, आपला येथील परवाना अमिरातींत तसाच चालत नाहीं. तेथें पुन्हां परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा खर्च पहिल्या कांहीं महिन्यांच्या शिलकीला भारी पडतो.

सामानाविषयीं इतकें बोललें जातें कीं येथें थोडक्यांत आटोपावें असें वाटतें. परंतु एक पदार्थ असा आहे कीं त्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो पदार्थ म्हणजे खसखस. आपल्या स्वैंपाकघरांत तिच्यासारखी निरुपद्रवी वस्तु दुसरी नसेल. मसाल्यांत ती आहे, अनारशावर ती आहे, बाळंतिणीच्या लाडवांत ती आहे. पण ती अफूच्या बोंडांतील बी आहे, आणि अमिरातींत व सौदी अरेबियांत तिला मादक द्रव्यांच्या यादींत घातलेलें आहे. पाव किलो खसखशीपायीं, नव्हे डब्याच्या तळाशीं राहिलेल्या दाण्यांपायीं, मनुष्यावर कोठडी पाहण्याची वेळ येते. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्या मुलाला आई प्रेमानें अनारसे बांधून देते, आणि त्या डब्यांत काय आहे हें मुलालाहि ठाऊक नसतें. घरचा गोडा किंवा मालवणी मसाला द्यावयाचा तर तो खसखशीशिवाय कुटावा. विड्याचीं पानेंहि अमिरातींत नेऊं नयेत. सुकें खोबरें विमानाच्या सामानांत चालत नाहीं. त्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें, म्हणून विमान कंपन्या तें काढून टाकतात. दुसऱ्याची पुडकी नेऊं नये, हें वेगळें सांगावयास नको. “अमक्याच्या भावाला एवढी पिशवी दे” असें सांगणारा शेजारी कितीहि जवळचा असला तरी.

औषधांचेंहि असेंच. खोकल्याच्या कांहीं औषधांत कोडीन असतें, कांहीं वेदनाशामक गोळ्यांत ट्रॅमॅडॉल असतें. येथें डॉक्टरांनीं लिहून दिलीं म्हणून तीं तेथें चालतात असें नाहीं. त्यांसाठीं तेथील आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. नित्याचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनांत, बेताचीं न्यावीं.

तेथें पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांत जी चूक होते ती पासपोर्टाची. मालकाचा मनुष्य सर्वांचे पासपोर्ट गोळा करतो, सुरक्षित ठेवतों म्हणतो, आणि नवीन माणूस संकोचानें देऊन टाकतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणें पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. बाळगणाराचीसुद्धां नव्हे, मग मालकाची कोठून? अमिरातीचा कामगार कायदाहि कामगाराचीं कागदपत्रें अडकवून ठेवण्यास मनाई करतो, आणि कतारांत २०१५ च्या कायद्यानें यास दंड ठेवलेला आहे. व्हिसाच्या कामासाठीं दोनचार दिवस देणें निराळें. तेवढ्यापुरता दिला तर पोंच घ्यावी आणि मुदतीनंतर परत मागावा. भांडण करण्याची गरज नसते. पहिल्या दिवशीं सौम्यपणें मागितलेला पासपोर्ट मिळतो, दीड वर्षानें रागानें मागितलेला मिळत नाहीं. राहण्याची जागा पाहतांना बाहेर पडण्याच्या वाटा किती आहेत, हेंहि पाहावें. २०२४ च्या जूनमध्यें कुवेतांतील मंगफ येथें कामगारांच्या इमारतीला पहांटे आग लागली, तींत चाळीसांहून अधिक भारतीय दगावले.

राहिला घराचा प्रश्न, आणि वस्तुतः निम्मी तयारी तीच आहे. परदेशीं नोकरीस गेलेल्या मनुष्याचें येथील साधें बचत खातें नियमाप्रमाणें अनिवासी खात्यांत बदलून घ्यावें लागतें. बहुतेक जण तें तसेंच चालूं ठेवतात आणि पुढें अडचणींत येतात. बँकेचा सांकेतिक अंक ज्या भ्रमणध्वनीवर येतो, तो क्रमांक परदेशांत जातांच निजतो. कांहीं महिने वापर न झाल्यास कंपनी तो बंद करून दुसऱ्यास देऊं शकते. मग पैसा खात्यांत असूनहि हातीं येत नाहीं. तो क्रमांक घरच्या माणसाकडे जिता ठेवावा, किंवा निघण्यापूर्वीं बँकेस दुसरा कळवावा.

जमिनीचें काम निघालें तर मुखत्यारपत्र लागतें. तें इकडे असतांनाच, ठरावीक कामापुरतें, नोंदवून द्यावें. तिकडून वकिलातींत सही करून पाठविलें तर तें येथें पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. पुष्कळांना ही मुदत ठाऊक नसते, आणि पत्र कपाटांत पडून राहतें. सर्वच मिळकतीचें सरसकट मुखत्यारपत्र भावाच्या नांवें लिहून देण्याची जी चाल आहे, तिनें किती सख्खे भाऊ कोर्टांत समोरासमोर उभे राहिले याची गणती नाहीं. भाऊ वाईट असतात म्हणून नव्हे. कागदाची मर्यादा आंखलेली नसते म्हणून.

१९९० सालीं इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां सुमारें १ लक्ष ७० हजार भारतीय तेथून अम्मानमार्गें विमानांनीं परत आणले गेले. पंधरा पंधरा वर्षांचा संसार टाकून माणसें एका पिशवीनिशीं मुंबईस उतरलीं. ज्यांचा पैसा सगळा तेथील बँकेंत होता आणि ज्यांच्या दाखल्यांच्या प्रती येथें कोणाजवळ नव्हत्या, त्यांना आपण कोण व आपलें किती, हें सिद्ध करण्यासाठीं दीर्घकाळ हेलपाटे घालावे लागले.

म्हणून पासपोर्टाचीं पानें, व्हिसा, करार, एजंटाची पावती, विम्याचें पत्र, मालकाचा पत्ता आणि दूरध्वनि, या सर्वांच्या तीन प्रती कराव्या. एक जवळ, एक बरोबरच्या विश्वासू मनुष्याच्या बॅगेंत, आणि एक घरीं. घरची प्रत पत्नीकडे किंवा आईकडे असावी, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, ती पेटी तिच्याकडूनच उघडवून प्रत्येक कागद कशाचा आहे तें तिच्याकडून एकदां वाचवून घ्यावें. विम्याचा कागद सर्वांत वर ठेवावा.